भोक आहे तर बुजत कामून नाही?

प्रश्न: सर नमस्कार, मी अंबाजोगाईला बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. प्लाझ्मात, म्हणजे इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे झालेल्या वायूत, 'इलेक्ट्रॉन होल' असतात असं वाचलं, म्हणजे तिथं इलेक्ट्रॉन कमी अन् त्यामुळं ती जागा पॉझिटिव्ह. मंग आजूबाजूचे इलेक्ट्रॉन लगेच ओढले जाऊन भोक बुजायला पाहिजे ना? कुणाला विचारलं तर सेमीकंडक्टरचंच सांगतात.

उत्तर: सेमीकंडक्टर बाजूला ठेव, तिथलं होल म्हणजे क्रिस्टलच्या बाँडमधली रिकामी जागा, इथं क्रिस्टलच नाही. पण शंका बरोब्बर जागेवर काढलीस.

इलेक्ट्रॉन ओढले जातात, शंभर टक्के जातात. पण ओढलं जाणं वेगळं अन् तिथं थांबणं वेगळं. ती पॉझिटिव्ह जागा म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वाटेतला ओढा समज. आपल्याकडं गाडीरस्ता ओढ्यात उतरतो अन् पलीकडं चढतो, तिथून सायकलवर चाललायस असं समज, ब्रेक नाही, घर्षण नाही, वारा नाही. उताराला वेग वाढणार अन् त्याच जोरावर पलीकडच्या काठावर निघणार, आधी होता तेवढाच वेग घेऊन. ओढ्यात मुक्काम करायचा तर एनर्जी कुठंतरी घालवावी लागते, अन् विरळ गरम प्लाझ्मात इलेक्ट्रॉनची टक्कर इतकी क्वचित होते की ती घालवायला सोयच नाही. उलट तळाशी सगळे सुसाट असतात म्हणून गर्दी आणखी कमी होते, जेवढे येतात तेवढेच जातात, वेग जास्त म्हणजे घनता कमी. ही तूट भरून काढू शकले असते ते ओढ्यातच अडकलेले, या काठावरून त्या काठाकडं हेलपाटे मारणारे इलेक्ट्रॉन, आणि होलमध्ये नेमके तेच कमी असतात. तूट राहते म्हणून जागा पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह म्हणून ओढा, अन् ओढा आहे म्हणून बाहेरचा आत टिकत नाही. भोक स्वतःच स्वतःला धरून ठेवतं बघ.

म्हणजे हे भोक नुसतं जागेत नसतं, जागा अन् वेग दोन्ही मिळून जो नकाशा होतो, फेज स्पेस, त्यात असतं. याचं गणित बर्नस्टाइन, ग्रीन आणि क्रुस्कल या तिघांनी १९५७ लाच मांडलं होतं. वेगवेगळ्या वेगाचे दोन इलेक्ट्रॉन प्रवाह एकमेकांतून गेले की विद्युत क्षेत्राची लाट वाढते, ती इलेक्ट्रॉन अडकवते अन् होल तयार होतात. १९७९ मध्ये डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेच्या लोकांनी प्रयोगात होल तयार केले आणि दोन होल एकत्र येऊन एक होताना दाखवले, हे मला तरी गणितापेक्षा भारी वाटतं.

अवकाशात तर ढिगानं आहेत. १९९२ ला सोडलेल्या जिओटेल यानाच्या नोंदींत आधी ज्याला नुसता गोंगाट समजायचे, तो नीट उलगडून बघितल्यावर सुटे सुटे धक्के निघाले, विद्युत क्षेत्र आधी एका दिशेला मग उलट दिशेला, सगळा खेळ काही मिलिसेकंदांत. २०१५ ला नासानं पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या एमएमएस मोहिमेची चार यानं सोडली, एकच होल चौघांवरून पाठोपाठ जातं त्यामुळं वेग अन् लांबी दोन्ही मोजता येतात.

कायम टिकतं असं मात्र नाही. टक्करी वाढल्या की बुजतं, अन् चुंबकीय क्षेत्र कमजोर असेल तर आडवं वाकून तुटतं.

प्रश्न: औंढा नागनाथला लायगो होतंय, त्यात असलं काही दिसेल का? (एक वाचक, वसमत)

उत्तर: नाही हो. लायगो गुरुत्वीय लहरी मोजणार, त्याच्या चार-चार किलोमीटरच्या नळ्यांत होता होईल तेवढी निर्वात पोकळी लागते, तिथं प्लाझ्मा नसलेलाच बरा. होल बघायचेच असतील तर लॅपटॉप पुरतो. 'पार्टिकल इन सेल' पद्धतीचा, म्हणजे जागेचे कप्पे पाडून त्यात कण कसे पळतात याचा हिशोब करणारा, एकाच दिशेचा साधा प्रोग्राम घ्या, त्यात समोरासमोरून दोन प्रवाह सोडा, फेज स्पेसमध्ये आधी दोन सरळ पट्टे दिसतील, मग ते वळायला लागतील अन् मधी मधी रिकामे डोळे उघडतील, तेच होल.