आधी बहिणीचा वाटा, मग देवळाचा सभामंडप

पत्र:
ताई, मी ४६ वर्षांचा, सिन्नरकडचा शेतकरी. २०१७ मध्ये समृद्धी महामार्गात आमची साडेसहा एकर वडिलोपार्जित जमीन गेली. १ कोटी ७५ लाख मिळाले. बंगला, गाडी आणि मुलीचं लग्न यात १ कोटी ५ लाख गेले. उरलेले ७० लाख बँकेत आणि पतसंस्थेत आहेत. मुलगा डिप्लोमा अर्धवट सोडून गाडी फिरवतो, आता जेसीबी मागतोय. भाऊबंद उसने मागतात, नाही म्हटलं की बोलणं बंद. सालगड्याला दुसरीकडं काम बघायला सांगावं लागलं. वडील ७८ वर्षांचे, हल्ली कुणाशी बोलत नाहीत. एकुलत्या एक बहिणीनं स्वखुशीनं हक्कसोड (आपला वाटा सोडल्याचा लेख) दिलं होतं, तिला साडीचोळीही केली, तरी तीन दिवाळ्या झाल्या ती आली नाही. लक्ष्मी आली आणि माणसं गेली. पैसा इतका वाईट असतो का? २५ लाख गावातल्या देवळाच्या सभामंडपाला देऊन मोकळं व्हावं असं वाटतं.

भाऊ,

तुमच्या पत्रात बहिणीच्या वाट्याला एकच वाक्य आलं आहे. मला मात्र ते वाचल्यावर पुढं जाता येईना, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आधी हिशेब मांडू. जमीन वडिलोपार्जित. तुमच्या आईचा उल्लेख पत्रात नाही, त्या हयात नसाव्यात असं धरते. म्हणजे वाटेकरी तीन: तुमचे वडील, तुम्ही आणि बहीण. प्रत्येकाचे साधारण ५८ लाख होतात. तुम्ही खर्च केलेत १ कोटी ५ लाख. त्यात तुमचा स्वतःचा वाटा पूर्ण संपला आणि वडिलांचेही ४७ लाख गेले. आज खात्यावर जे ७० लाख दिसतात, त्यातले ५८ बहिणीचे आणि उरलेले १२ वडिलांचे. देवळाला जे २५ लाख द्यायचं तुमच्या मनात आहे, त्यात तुमचा एक रुपयाही नाही.

तुम्ही म्हणाल, तिनं सही दिली आहे. रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र असेल तर कायद्यानं ते पक्कं असेलही. पण ती सही घेतली गेली तेव्हा तिचा हक्क काय होता हे तिला कुणी सांगितलं होतं का? महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो हक्क सगळ्या मुलींना मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानंच मिळतो हे स्पष्ट केलं. म्हणजे तुम्ही जसे जन्मापासून त्या जमिनीचे, तशीच तीही.

आणि ‘स्वखुशी’बद्दल मला खरंच तळमळून लिहावंसं वाटतं. आपल्याकडं बहिणी सही का देतात? माहेर तुटू नये म्हणून. भाऊ तोंड फिरवेल, वडिलांना त्रास होईल, आजारपणात, बाळंतपणात जायला दार उरणार नाही, गावात नाव निघेल ‘वाटणी मागायला आली’ असं. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसलेल्या बाईच्या मनात हे सगळं असतं आणि कागदावर ‘राजीखुशीने’ लिहिलं जातं. तुमच्या बहिणीनं ५८ लाख सोडले ते माहेर टिकावं म्हणून. मग बंगला उभा राहिला, भाचीचं लग्न थाटात झालं, आणि त्या घरात आपण साडीचोळीच्या पाहुण्या आहोत हे तिला दिसलं. ती येत नाही यात मला रुसवा दिसत नाही. तिला फसवल्यासारखं वाटत असणार.

आता तुमचा मोठा प्रश्न, पैसा वाईट असतो का. जमीन होती तेव्हा तिच्यावर कुणाकुणाचं चालत होतं ते आठवून बघा. दिवाळीला बहीण आली की जाताना तिच्यासोबत बाजरी, गहू, कांद्याची गोण जायची. सालगड्याच्या घरी साल ठरल्याप्रमाणं धान्य पोचायचं. पेरणी कधी, काय, हे वडील ठरवायचे आणि तुम्ही ऐकायचात. सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, खाणारी तोंडं पुष्कळ होती. सरकारनं रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनंच ठरवलेल्या जमीनदराच्या, पाच पट दर दिला, खरेदीखतं झाली, आणि हे सगळं एका पासबुकात आलं. पासबुकाला बाजरीची गोण माहीत नसते. न लिहिलेले सगळे हक्क त्या एका दिवसात संपले, आणि कुणाचे संपले हे कुणी मोजलं नाही.

सालगड्याचं तसंच. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, जमीन घेण्याआधी तीन वर्षं तिच्यावर पोट असलेल्या शेतमजुरांनाही बाधित धरलं आहे. पण थेट खरेदीत व्यवहार होतो तो कागदावरच्या नावांशी. त्याच्या हातचं काम गेलं आणि मोबदल्यात त्याचं नाव कुठंच आलं नाही. त्याच्या मुलांच्या शिक्षणाचा एखादा खर्च उचला. हे मी दान म्हणून सांगत नाही, त्याच्या घामाचा तो राहिलेला हिशेब आहे.

देवळाबद्दल लिहिताना मला तुकोबा आठवले. सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. त्यातला एक भाग पटकन सांगून पुढं जातात: परंपरा सांगते की धाकट्या कान्होबांच्या वाट्याची खतं त्यांनी आधी कान्होबांच्या हातात दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. एवढ्या वैराग्याच्या माणसानंसुद्धा भावाचा वाटा परस्पर देवाला वाहिला नाही. तुम्हीही वाहू नका.

मग करायचं काय? प्रथम घरात बोला. तुमच्या पूर्ण पत्रात बायकोचा उल्लेख नाही, आणि या निर्णयाची झळ त्यांनाही लागणार आहे. नंतर वडिलांपाशी बसा आणि हा हिशेब त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांच्या बारा लाखांचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. माझा अंदाज असा की त्यांच्या गप्प राहण्याचं अर्धं कारण लेकीच्या सहीत आहे, पण हे तेच सांगू शकतील.

बहिणीकडं तुम्ही स्वतः जा. तिला फोन करून ‘ये’ म्हणू नका. ‘तुला मदत करतो’ हा शब्दही नको. ‘तुझे पैसे माझ्याकडं राहिले होते’ असं म्हणा. रक्कम बँकेतून तिच्या एकटीच्या खात्यावर टाका, साधा लेख करून ठेवा. भावानं बहिणीला दिलेल्या रकमेवर तिला आयकर लागत नाही, तरी सीएला विचारून घ्या. ती ‘नको’ म्हणेल, बहुधा पहिल्यांदा म्हणेलच. त्या ‘नको’ला सुटका समजू नका. तिच्या नावानं ठेव करा, पावती तिच्या हाती द्या. काही जमीन उरली असेल, तर हक्कसोड फक्त गेलेल्या गटाचं झालं की त्या जमिनीचंही, तेही तपासा. उरलेल्या जमिनीत तिचं नाव लागलं पाहिजे. आणि एवढं करूनही ती पुढच्या दिवाळीला येईलच असं नाही. येण्याच्या अटीवर देऊ नका.

पतसंस्थेतली रक्कम जमेल तशी काढा. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. उसने मागणाऱ्यांना आता खरं सांगता येईल की तो पैसा माझा नाही.

बहिणीकडं जाताना मुलाला बरोबर न्या. हा पैसा कुणाचा आहे हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. त्यानं घरात फक्त तो खर्च होताना पाहिला. तुमच्या तोंडून आत्याला हिशेब देताना त्यानं ऐकावं. जेसीबीचं नंतर बघा: कर्ज किती, हप्ता किती, वर्षात किती दिवस काम मिळेल, डिझेल आणि ड्रायव्हरला काय जाईल, हे त्यानं स्वतः चौकशी करून कागदावर मांडून आणलं, तर त्याच्याशी बसून बोला.

— तुमची ताई