मधल्या चौकोनांपासून लांब राहा

वेंगुर्ला

चि. बाबूस अनेक आशीर्वाद,

कंपनीचं काम आटोपल्यावर दोन दिवस लास व्हेगासला थांबणार आहेस आणि तिथे क्रॅप्स खेळून बघायचं मनात आहे, असं तू कळवलंस. पणजीला मांडवीतल्या बोटींवर तू रुलेट आणि अंदर-बाहर पाहिलं आहेस, पण हे टेबल त्याहून वेगळं. दहा-पंधरा माणसं दोन फाशांवर एकदम पैसे लावतात, आरडाओरडा चालू असतो, कापडावर पैजांचे ढीगभर चौकोन छापलेले असतात. नवखा माणूस त्या गोंधळात नेमका महागड्या चौकोनात पैसे टाकतो. तसं तुझं होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फासे समजून घे. दोन फाशांची 36 दानं होतात. त्यांत 7 सहा प्रकारे पडतो, 6 आणि 8 प्रत्येकी पाच प्रकारे, 5 आणि 9 चार, 4 आणि 10 तीन, 3 आणि 11 दोन, आणि 2 व 12 एकेकाच प्रकारे. एवढं पाठ झालं की टेबलावरची कुठलीही पैज स्वस्त की महाग ते तुझं तुला काढता येईल.

मूळ खेळ पास लाइनवर चालतो. तुझ्या समोरून टेबलाच्या कडेने जाणारी ती लांब पट्टी. गोल चकती काळ्या बाजूने ‘ऑफ’ दाखवत असेल तेव्हा तिथे चिप, म्हणजे पैशांऐवजी वापरायचं टोकन, ठेवायची. पहिल्या दानाला कम-आउट म्हणतात. त्यात 7 किंवा 11 आला की तुला बरोबरीचा भाव, म्हणजे लावलेस तेवढेच वर, मिळतो. 2, 3 किंवा 12 आला की चिप गेली. बाकी कुठलाही आकडा आला, म्हणजे 4, 5, 6, 8, 9 किंवा 10, तर तो पॉइंट ठरतो. चकती पांढऱ्या बाजूने ‘ऑन’ होऊन त्या आकड्यावर जाते. आता तोच आकडा 7 च्या आधी पडला तर जिंकलास, आधी 7 पडला तर हरलास आणि फासे पुढच्या माणसाकडे गेले. मधली इतर दानं पास लाइनला लागू नाहीत.

या पैजेत कॅसिनोचा वाटा, म्हणजे लावलेल्या पैशातून सरासरी त्याच्याकडे राहणारा हिस्सा, 1.41 टक्के आहे. वाशीला आंब्याची पेटी पाठवताना दलाली किती कापणार हे आपण आधी विचारतो, तसं इथे प्रत्येक चौकोनाचा वाटा आधी विचारायचा. फरक केवढा पडतो बघ. 10 डॉलरची पास लाइन खेळलास, तर एक पैज निकाली निघायला सरासरी साडेतीनच्या आत-बाहेर दानं लागतात. तासाला शंभर दानं धरली तर तीसेक पैजा होतात आणि सरासरी नुकसान सव्वाचार डॉलरच्या आसपास. शेजारचा माणूस दर दानाला फक्त 5 डॉलर ‘एनी सेव्हन’वर, म्हणजे पुढच्याच दानाला 7 पडेल या पैजेवर, टाकत असेल, तर त्याच तासात त्याचे सरासरी 83 डॉलर जातात. तिथला वाटा 16.67 टक्के आहे आणि पैसा दर दानाला फिरतो. त्याची चिप तुझ्याहून लहान दिसते, पण तासाचा खर्च वीसपट.

आता टेबलावरची सगळ्यात चांगली पैज. ती कापडावर छापलेलीच नसते. पॉइंट ठरल्यावर तुझ्या पास लाइनच्या चिपेमागे, पट्टीच्या बाहेर, आणखी चिपा ठेवता येतात. याला ऑड्स म्हणतात. 4 किंवा 10 ला एकाला दोन, 5 किंवा 9 ला दोनाला तीन, 6 किंवा 8 ला पाचाला सहा असा भाव मिळतो. वरची दानं मोजून पाहा, हे भाव बरोबर तितकेच आहेत जितकी खरी शक्यता. कॅसिनोचा वाटा शून्य. अट एवढीच की आधी पास लाइनवर पैसा असायला हवा.

ऑड्सच्या रकमेत नवखे चुकतात. पॉइंट 5 किंवा 9 असेल तर सम आकड्यात ठेव, 6 किंवा 8 असेल तर 5 च्या पटीत, नाहीतर भाव पूर्ण बसत नाही आणि वरचे सुटे कॅसिनोकडे राहतात. बऱ्याच टेबलांवर ‘3-4-5’ अशी मर्यादा लिहिलेली असते: 4 आणि 10 ला मूळ पैजेच्या तिप्पट, 5 आणि 9 ला चौपट, 6 आणि 8 ला पाचपट. 10 डॉलरवर हे 30, 40 आणि 50 होतात, आणि जिंकल्यावर तिन्ही वेळा ऑड्सचे 60 च डॉलर येतात. डीलरला हिशेब सोपा जावा म्हणून ही रचना.

पण वाटा शून्य म्हणून पाचपट ठेवू नकोस. पॉइंट 6 असताना 10 आणि 50 मिळून 60 डॉलर टेबलावर असतात. असे पाच पॉइंट ओळीने गेले की 300 संपले, आणि पाच ओळीने जाणं अजिबात दुर्मीळ नाही. 10 डॉलरच्या टेबलावर 300 घेऊन जाणार असशील तर ऑड्स 10, फार तर 20. आठवड्याच्या शेवटी रात्री टेबलांची किमान रक्कम वाढते. सकाळी लवकर गेलास तर स्वस्त टेबल मिळतं, गर्दी कमी असते आणि डीलरला दोन प्रश्न विचारायलाही सवड असते.

आणखी खेळावंसं वाटलं तर 6 किंवा 8 वर प्लेस पैज घे, म्हणजे तो आकडा 7 च्या आधी पडेल अशी पैज. वाटा 1.52 टक्के, भाव सहाला सात. म्हणून ती 6 च्या पटीत लावायची: 12 लावलेस तर 14 मिळतील. 10 लावलेस तर 6 वर 7 मिळतात आणि उरलेल्या 4 वर बरोबरीचेच. कम ही पैज पास लाइनसारखीच, फक्त मध्येच सुरू होते. पहिल्या दिवशी तिच्या नादी लागू नकोस. प्लेसमध्येही 5 आणि 9 वर वाटा 4 टक्के, 4 आणि 10 वर 6.67. तिथे माझं मत स्पष्ट आहे, नको.

फील्ड, म्हणजे पुढच्या एकाच दानाची पैज, फसवं असतं. त्यात 2, 3, 4, 9, 10, 11, 12 असे सात आकडे दिसतात, म्हणजे निम्म्याहून जास्त असं वाटतं. दानं मोज: 36 पैकी 16 च. 2 ला दुप्पट असतो. 12 ला तिप्पट असेल तर वाटा 2.78, दुप्पटच असेल तर 5.56. कोपऱ्यात ‘बिग 6’, ‘बिग 8’ असे मोठे आकडे अजून कुठे छापलेले दिसले तर लक्षात ठेव, ती प्लेससारखीच पैज आहे पण बरोबरीच्या भावाने, वाटा 9.09. आणि टेबलाच्या मधोमध जे रंगीत चौकोन आहेत, हार्डवे (दोन्ही फासे सारखे पडून 4, 6, 8 किंवा 10), 11 (याला ‘यो’ म्हणतात), 2, 12, तिथे वाटा 9 पासून जवळजवळ 17 टक्क्यांपर्यंत जातो. लांब काठी घेतलेला स्टिकमन ज्यांची नावं सारखी पुकारतो, त्या याच. तिथे भाव वाचतानाही जप. ‘5 फॉर 1’ लिहिलं असेल तर त्या पाचात तुझा स्वतःचा एक धरलेला असतो; म्हणजे खरा भाव ‘4 टू 1’ च.

डोन्ट पास ही उलटी पैज. वाटा 1.36, किंचित स्वस्त. कम-आउटला 12 आला तर बरोबरी, आणि पॉइंट ठरल्यावर 7 तुझ्या बाजूचा. नियमाने काहीच गैर नाही, पण टेबलावरचे बहुतेक लोक हरतील तेव्हा तू जिंकशील. तेव्हा गप्प राहायचं. टाळ्या नाहीत, हसणं नाही.

दुप्पट करत जाण्याची युक्ती तुला कुणीतरी नक्की सांगेल. 10, 20, 40, 80, 160, 320. ओळीने सहा हार झाल्या की 630 डॉलर गेले आणि सातवी पैज 640 ची, तीही 10 डॉलर जिंकण्यासाठी. पास लाइनवर सहा ओळीने हरण्याची शक्यता सुमारे 1.7 टक्के, म्हणजे साठेक प्रयत्नांत एकदा. दोन दिवसांत तेवढे डाव सहज होतात. ‘बराच वेळ 7 नाही, आता येणारच’ हेही तसलंच. फाशांना मागचं दान ठाऊक नसतं. 2009 साली अटलांटिक सिटीत एका बाईंनी पॉइंटआधी 7 पडून फासे हातचे न जाता 154 दानं टाकली; एका खेपेची सरासरी साडेआठ असताना. पुढच्या दानाला 7 ची शक्यता तेव्हाही सहाव्या भागाचीच होती.

निघायला अवकाश आहे, तर या पावसात पडवीत बसून सराव कर. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर पट्ट्या काढ, लुडोचे दोन फासे घे, चिपांच्या जागी काजूबिया. शंभर दानं टाकून वहीत लिही. 7 सोळा-सतरा वेळा अपेक्षित आहे, पण अकरा किंवा तेवीस वेळाही आला तर दचकू नकोस. शंभरात एवढा चढउतार होतो. गणपतीत जागरणाला वाडीतली पोरं पत्ते खेळतात, तेव्हा त्यांनाही बसव. एकाला डीलर कर आणि भाव तोंडी सांगायला लाव. तीन संध्याकाळी केलंस तरी टेबलावर बोटं मोजायची वेळ येणार नाही.

आता रीत. टेबलाशी गेल्यावर फासे कुणाच्या हातात असतील तर थांब. दान पडून पैसे वाटून होऊ देत, मग रोकड कापडावर डीलरसमोर ठेव आणि ‘चेंज ओन्ली’ म्हण. डीलरच्या हातात नोटा द्यायच्या नाहीत, तो घेणार नाही; वरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक देवघेव कापडावर दिसली पाहिजे. ‘चेंज ओन्ली’ म्हटलं नाहीस आणि तेवढ्यात फासे सुटले, तर ती रोकड म्हणजे पैज का, असा घोळ होऊ शकतो. चिपा आल्या की समोरच्या लाकडी खाचेत लाव आणि त्यांच्यावर स्वतःची नजर ठेव.

पास लाइन आणि ऑड्स तू स्वतः ठेवायचे. प्लेस पैज डीलरकडून: चिपा त्याच्या समोर कापडावर ठेव, ‘प्लेस सिक्स’ म्हण, तो आकड्यावर सरकवेल. त्याच्या चौकोनात हात घालू नकोस. जिंकल्यावर त्याने चिपा ठेवून हात काढून घेतल्याशिवाय उचलू नकोस. पॉइंट ठरल्यावर पास लाइनची मूळ चिप काढता येत नाही, कारण कम-आउटचा फायदा घेऊन झालेला असतो आणि इथून पुढे 7 ची बाजू जड. ऑड्स मात्र केव्हाही उचलता येतात.

फासे सुटायच्या वेळी ‘हँड्स अप’ ऐकू येईल. त्या क्षणी कठड्यावरून हात आत लोंबकळत असतील तर मागे घे. फासा तुझ्या हाताला लागला आणि 7 पडला तर अख्खं टेबल तुझ्याकडे बघेल. कारण अंधश्रद्धाच, पण राग खरा असतो. ‘सेव्हन’ हा शब्दही तोंडातून काढू नकोस. पेल्याला कठड्याखाली फळी असते, कापडावर तो कधीही आणायचा नाही. फोन खिशात.

फासे तुझ्याकडे आले तर स्टिकमन पाचेक फासे पुढे सरकवतो. पास किंवा डोन्ट पासवर पैज असायला हवी. दोन निवड, एकाच हाताने उचल. दुसऱ्या हातात घ्यायचे नाहीत, फुंकर मारायला तोंडाजवळ न्यायचे नाहीत, कठड्याखाली तर नाहीतच. फासे बदलले का हा संशय त्यांना कायम असतो. पलीकडच्या भिंतीवर उंचवट्यांचं रबर लावलेलं असतं, दोन्ही फासे तिथे आदळले पाहिजेत. हात फार वर न नेता समोर सोड, भिंतीच्या थोडं अलीकडे आपटून पोचतील एवढ्या जोराने. नवख्याच्या हातून फासा बाहेर उडतो तो बहुधा जोर जास्त झाल्याने. उडालाच तर शांत राहा, बॉक्समन, म्हणजे टेबलावर देखरेख करणारा, तो तपासून परत देईल. टाकायचं नसेल तर ‘पास द डाइस’ म्हण, कुणी वाईट वाटून घेत नाही.

डीलर पगारापेक्षा टिपवर जास्त जगतात. तुझ्या पास लाइनच्या चिपेशेजारी एक-दोन डॉलर ठेवून ‘फॉर द डीलर्स’ म्हण. हरत असतानाही अधूनमधून दे. त्यांनी तुझी ऑड्सची रक्कम तीनदा दुरुस्त केलेली असेल.

300 ठरवलेस तर कार्ड खोलीत ठेवून फक्त 300 घेऊन खाली उतर. कॅसिनोतल्या यंत्रातून कार्डावर पैसे काढलेस तर शुल्क इतकं लागतं की वर काढलेला सगळा 1.41 चा हिशेब फुकट जातो. मित्राकडून उसनेही नाहीत. आकडेमोड कितीही पक्की असली तरी कॅसिनोला हरवता येत नाही, वाटा कमी करता येतो आणि तेवढ्या पैशात जास्त वेळ खेळता येतं, बस.

उठायचं ठरलं की पास लाइनवर चिप पडलेली आहे का बघ. पॉइंट चालू असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत थांब, वाटल्यास ऑड्स उचलून घे. मग फासे मधोमध स्टिकमनपुढे पडलेले असताना सगळ्या चिपा कापडावर ठेवून ‘कलर’ म्हण. डीलर मोजून लहान चिपांच्या मोठ्या करून देईल. त्याने आकडा मोठ्याने पुकारल्यावर तूही मनात जुळव, आणि त्या चिपा घेऊन थेट रोखीच्या खिडकीकडे जा, वाटेत दुसऱ्या टेबलाशी न थांबता.

तुझा,
काका