अल्फा ०.९४ आला, पण...

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कंपन्यांच्या माहिती-प्रणाली नियोजनाचं यश मोजणाऱ्या तुझ्या प्रश्नावलीच्या पायलटचे, म्हणजे छोट्या चाचणी फेरीचे, निकाल पाहिले. विश्वासार्हतेचा आकडा, म्हणजे अल्फा, ०.९४ आल्याचा आनंद तुझ्या ईमेलमधून ओसंडतोय. पण ‘सुसंगती’खालची तुझी पहिली पाच विधानं मोठ्यानं वाचून बघ. पाचही शब्द फिरवून एकच गोष्ट विचारतात, मग अल्फा चढणारच! उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, एवढंच तो आकडा सांगतो. जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं का, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

आता बारावं विधान घे: ‘आमची माहिती-प्रणाली योजना व्यवसायाच्या धोरणाशी सुसंगत असून सर्व विभागांना मान्य आहे.’ योजना धोरणाला धरून आहे, पण उत्पादन विभाग तोंड फिरवून बसलाय, अशा कंपनीतल्या माणसानं खूण कुठे करायची? सेगर्स आणि ग्रोव्हर यांनी १९९८ साली माहिती-प्रणाली नियोजनाचं यश चार अंगांनी मोजलं: सुसंगती, विश्लेषण, सहकार्य आणि नियोजनक्षमतेतली सुधारणा. तुझ्या विधानाचा एक पाय पहिल्यात, दुसरा तिसऱ्यात. घटक विश्लेषणात (कुठली विधानं एका गटात पडतात ते शोधणारं गणित) ते दोन्हीकडे लोड होईल, म्हणजे दोन्ही गटांकडे ओढलं जाईल, आणि तू सॉफ्टवेअरवर चिडशील.

म्हणून प्रश्नावली पाठवण्याआधी कार्डं कर. मूर आणि बेन्बासाट यांची १९९१ची ही रीत मला अजून सगळ्यात भरवशाची वाटते. एका कार्डावर एक विधान. कार्डं पिसून चौघांना दे, सारखी वाटणारी एकत्र ठेवून ढीग लावायला सांग, ढिगांना नावंही त्यांनाच देऊ दे. कोणाचा हात कुठल्या कार्डावर अडतो ते टिपून ठेव आणि मध्ये बोलू नकोस. (चौघांत दोघं तरी कंपनीत आयटी सांभाळणारे हवेत. सगळे हॉस्टेलमधले नकोत.) दुसऱ्या फेरीत नवी माणसं घे.

फॉर्नेल-लार्करचा तक्ता (घटक एकमेकांपासून खरंच वेगळे आहेत का ते दाखवणारा) वगैरे नंतर होईलच, ते काम यंत्राचं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. नियोजन कसं केलं आणि ते किती यशस्वी झालं, दोन्ही तू आयटी प्रमुखालाच विचारतेस. परीक्षार्थीच पेपर तपासणार! हारमनची चाचणी (सगळी उत्तरं एकाच स्रोतामुळे एका बाजूला झुकलीत का ते बघणारी) लावून एका ओळीत हे झाकता येईल असं समजू नकोस. व्हायवात पहिला प्रश्न हाच येईल. यशाचा भाग वित्त किंवा व्यवसाय प्रमुखाकडून भरून घे. जोड्या जमवताना नमुना घटेल, तो घटू दे.

बारावं विधान आजच फोड. कार्डांची पहिली फेरी झाली की ढिगांचे फोटो पाठव. तोवर गूगल फॉर्मची लिंक कुणालाही जाता कामा नये.

तुझे सर