४१ लेक्चर्स की तीन प्रकरणं?

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. घर निफाड तालुक्यात, कॉलेज नाशिकला. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या लॉकडाउनमुळे कॉलेज बंद झालं, तेव्हापासून घरीच आहे. घरात स्मार्टफोन एकच. सकाळी त्यावर धाकट्या भावाचे दहावीचे तास, म्हणून माझी लेक्चर्स रेकॉर्डिंगवर. ४१ साठलीत. रात्री दीडपट वेगाने ऐकते, डोक्यात काही शिरत नाही. झोपायला दोन वाजतात. नाना म्हणतात, "पोरगी सदानकदा मोबाइलमध्ये." परीक्षेचं नाव काढलं की छातीत धडधडतं. मी खूप मागे पडले का?

उत्तर : थोडी पडली आहेस. पण ४१ तासांनी नाही, फार तर तीन प्रकरणांनी. ती रेकॉर्डिंग्ज आधी काढून टाक. मीही केमिस्ट्रीच शिकवते. स्वतःचं एक लेक्चर परवा ऐकून पाहिलं, तर पंचावन्न मिनिटांतली पंधरा "आवाज येतोय का?" यातच गेली होती! पुस्तक आणि पेन घेऊन बस. अडेल तेवढंच मैत्रिणीला विचार.

ऑक्टोबर २०२० मध्ये विद्यापीठाने अंतिम वर्षाची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवर घेतली. तुमचीही तशीच होईल असं धर आणि प्रत्येक प्रकरणावर दहा प्रश्न स्वतः काढ, चारही पर्यायांसकट. चुकीचा पण पटेल असा पर्याय सुचायला धडा नीट कळावा लागतो.

प्रॅक्टिकलचं मात्र नुकसान झालंय, ते नाकारत नाही. टायट्रेशनमध्ये, म्हणजे आम्लात थेंबथेंब अल्कली सोडताना, फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा फिका गुलाबी रंग एका थेंबाने येतो, पुढच्या एक-दोन थेंबांत गडद होतो. हे हाताला कळतं, व्हिडिओला नाही. लॅब उघडली की सरांकडे जादा बॅच माग.

फोनचंही सरांना आजच कळव. माझ्या वर्गात अकरा जणींकडे स्वतःचा फोन नाही, हे मला डिसेंबरात कळलं. तेही एकीच्या आईने फोन केला म्हणून. आम्हाला बंद कॅमेऱ्यामागचं दिसत नाही गं.

तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतं तुला एसटीची उणीव भासतेय. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून बस सुटली की गप्पा, भांडणं, जर्नलची देवाणघेवाण. निफाड येईपर्यंत कॉलेज मागे राहायचं. आता कॉलेज आणि झोप एकाच खाटेवर. तेव्हा सकाळी बसच्या वेळेला बागेच्या टोकापर्यंत चालून ये आणि मग ओट्यावर वही घेऊन बस. नानांनाही वही दिसेल, त्यांचा निम्मा राग तिथेच उतरेल.

एवढं करूनही दोन आठवड्यांत धडधड थांबली नाही, झोप आली नाही, तर आईला सांगून मनोविकारतज्ज्ञांना दाखव. जिल्हा रुग्णालयातही ते असतात.

आणि पुढचा मेल दिवसा पाठव. हा रात्री १ वाजून ४० मिनिटांनी आलाय.