घरी बांधलेल्या गाडीचं पासिंग होतं का?

प्रश्न : नमस्कार. मी धायरीला राहतो, नऱ्ह्याला माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही दोघं मिळून दोन सीटची उघडी गाडी बांधतोय. चौकोनी पाइपचा सांगाडा तयार आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स माझ्या २००४ च्या मारुती ८०० चा काढून सीटच्या मागे बसवायचा विचार आहे. ८०० अजून अख्खी आहे, आरसी रिन्यू केलेली आहे. माझ्या मामेभावाने इंग्लंडमध्ये किट मागवून अशीच गाडी बांधली आणि सरकारी तपासणी करून रीतसर नंबर घेतला. गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था तर आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. तिथून तपासून आणली तर आरटीओ पासिंग करेल का? एक एजंट म्हणतो, ८०० चा चासी नंबर असलेला पत्रा कापून नव्या सांगाड्याला वेल्ड करा आणि त्याच आरसीवर फिरवा.

उत्तर : आधी एक विनंती. त्या ८०० ला ग्राइंडर लावू नका. ती अख्खी आहे तोवर तुमच्या हातात पर्याय आहेत.

मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी करताना मी हौशी कारागिरांनी बांधलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. काहींचं वेल्डिंग कारखान्यातल्या कामाच्या तोडीचं होतं. तरी त्यांना नंबर देता आला नाही, कारण आपल्या कायद्यात एकट्या गाडीसाठी दारच ठेवलेलं नाही. तुमच्या मामेभावाच्या देशात ते आहे. तिथे २००९ पासून एकेका गाडीला मंजुरी देण्याची तपासणी आहे आणि हौसेने बांधलेल्या गाड्यांसाठी तिच्यात काही अटी सैल आहेत. तपासनीस ब्रेक, दिवे, सीटबेल्टचे पॉइंट, धूर, आवाज, इतकंच काय, बाहेरच्या पत्र्याच्या कडा पुरेशा गोल आहेत का तेही पाहतो. पास झाली की नंबर मिळतो. गाडीचं वय किंवा मूळ ओळख नक्की ठरत नसेल तर ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर देतात.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२६ बघा. मंजुरी मिळते ती मॉडेलच्या नमुन्याला, आणि ती मागायची असते उत्पादकाने. एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्या मंजुरीसाठी नेमलेल्या संस्था. पुणेकरांना घराजवळच्या वाटतात खऱ्या, पण तुम्ही सांगाडा टेम्पोत घालून टेकडीवर गेलात तर तुमच्याकडे उत्पादक म्हणूनच पाहिलं जाईल. मग कारला लागणाऱ्या सगळ्या चाचण्या आल्या. त्यात गाडी आपटून बघायची क्रॅश टेस्टही आली. कंपनी त्यासाठी वेगळ्या गाड्या काढून ठेवते. तुमच्याकडे एकच आहे. शिवाय १ एप्रिल २०२० पासून नव्या गाडीला बीएस-६ हा धुराचा निकष लागतो आणि २००४ चं इंजिन त्याच्या आसपासही येणार नाही.

कागदांचंही तसंच. फॉर्म २० हा तुमचा अर्ज, तो तुम्ही भरू शकता. फॉर्म २१ हे विक्रीचं प्रमाणपत्र आणि फॉर्म २२ हे गाडी रस्त्यालायक असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र. हे दोन्ही तुम्हाला देणार कोण? संगम पुलाजवळच्या ऑफिसातला माणूस कितीही भला असला तरी या जागी अडकतो.

मोठ्या कंपन्यांनाही हे सोपं गेलेलं नाही. आकुर्डीच्या बजाजने जानेवारी २०१२ मध्ये आपली छोटी चारचाकी दाखवली. ती कार नव्हे, रिक्षाही नव्हे. तिच्यासाठी क्वाड्रिसायकल हा वेगळा वर्ग करावा लागला आणि खासगी वापराला परवानगी मिळायला २०१८ उजाडलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराची छोटी जीप आठवत असेल. भंगारातून बांधलेली, किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण ही नियमात बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या अडवतील हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो दिलीही. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटतो. आणि त्याची जीप नंबर घेऊन रस्त्यावर राहू शकली नाही याचं दुःखही.

आता एजंटाचं. ८०० ला वेगळी चासी नसते, शेल म्हणजे पत्र्याची अख्खी बॉडी हीच तिची चासी आणि नंबर त्यावरच कोरलेला. तो तुकडा कापून दुसऱ्या सांगाड्याला जोडणं म्हणजे एका गाडीची ओळख दुसरीला चिकटवणं. चोरीच्या गाड्यांचं तेच करतात, आणि पोलीस तुमच्याकडे त्याच नजरेने बघतील. तुमचा हेतू स्वच्छ आहे हे मला पत्रातून कळतं, पंचनाम्यात ते लिहिलं जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मला भीती वाटते ती अपघाताची. सिंहगड रोडवर कुणाला धक्का लागला आणि विमा कंपनीच्या माणसाने बोनेट उघडायला जाऊन पाहिलं की ही ८०० च नाही, तर कंपनी हात वर करेल किंवा भरलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करायला उभी राहील. वर्कशॉप विकावं लागेल एवढी ती रक्कम असू शकते. त्या एजंटाला पुन्हा फोन करू नका.

मग काय करायचं? ८०० ला ८०० च राहू द्या. मुलीच्या हातून तिचं इंजिन उतरवून घ्या, बोअर, पिस्टन, व्हॉल्व्ह सगळं नवं करा. इंजिनच बदलावं लागलं तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं घ्या आणि आरटीओची मंजुरी घेऊन नवा नंबर आरसीवर चढवा. रंग बदलला तर तोही चढवा. ही गाडी रस्त्यावर बिनघोर चालेल.

आणि तुमची उघडी गाडीही सोडू नका! तिच्यासाठी दुसरं इंजिन शोधा, पण पक्क्या बिलावर. जुन्या बाजारातलं बेवारस इंजिन नको. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायच्या खास प्रकारच्या वाहनाला कलम २(२८) मोटार वाहन मानत नाही. तेव्हा ती कुंपणाच्या आतच चालवा. कुणाची शेतजमीन असेल, एखादा खासगी ट्रॅक. सोसायटीतला दूधवाला, कुरिअरवाला येतो-जातो तो रस्ता बंदिस्त धरू नका. लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा कायद्याने सार्वजनिकच ठरते. एक तांत्रिक गोष्ट मुलीला सांगा : ८०० चे ब्रेक पुढे इंजिन धरून जमवलेले आहेत. तुम्ही वजन मागे नेताय, एकूण गाडीही हलकी होणार. पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण नव्याने काढा, नाहीतर जोरात पाय दिल्यावर पुढची चाकं लॉक होतील आणि स्टिअरिंग फिरवून गाडी वळणार नाही. डोक्यामागे रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान, आणि सीटबेल्टचे पॉइंट थेट सांगाड्याला, पातळ पत्र्याला नको.

हौशी माणसाच्या एका गाडीसाठी मर्यादित वेगाची, मर्यादित वापराची नोंदणी आपल्याकडेही व्हायला हवी. तपासणाऱ्या संस्था आहेत, इंजिनिअर आहेत, जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळा नियम करता आला तसा हाही करता येईल. मी संबंधितांना हे लिहीत असतो. तुम्हीही लिहा, मुलीचे ड्रॉइंग जोडून.

प्रश्न : भोरच्या वाड्यात आजोबांची जीप आहे, १९६० च्या दशकातली. तिला आता नंबर मिळेल? *– वाचक, सातारा रस्ता*

उत्तर : वर म्हटलेला २०२१ चा नियम तुमच्यासाठीच आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५ हजार. नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पूर्वीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, म्हणून आधी आजोबांच्या ट्रंकेतलं आरसी बुक शोधा. रोज मंडईत न्यायला ही गाडी चालणार नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. डिझेल इंजिन बसवून ठेवलेलं असेल तर अर्ज करण्याआधी मूळ इंजिनाचा शोध घ्या.

प्रश्न : आमच्या कॉलेजची टीम स्पर्धेसाठी बग्गी बांधतेय. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ट्रायल घेतली तर चालेल? *– विद्यार्थी, हडपसर*

उत्तर : नाही. रस्ता रिकामा असला तरी सार्वजनिकच, आणि बग्गीला ना नंबर ना विमा. स्पर्धा बंद ट्रॅकवर होतात, ट्रायलही तशाच जागी घ्या. प्राचार्यांकडून कॉलेजच्या मैदानाची लेखी परवानगी काढा, गेट बंद ठेवा, हेल्मेट आणि अग्निशामक सिलिंडर जवळ असू द्या. मैदानापर्यंत बग्गी चालवत नेऊ नका, छोट्या टेम्पोत चढवा आणि चारही चाकं दोरांनी नीट आवळा.