मोठ्या आतड्यापुरती गोळी आणि एम.फार्म.चा निर्णय

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी कोल्हापुरात बी.फार्म.च्या अखेरच्या वर्षाला आहे आणि एम.फार्म.ला फार्मास्युटिक्स, म्हणजे औषधाला गोळी-कॅप्सूलसारखे रूप देण्याचा विषय घेऊन, औषध नेमके मोठ्या आतड्यात पोहोचवण्याच्या तंत्रावर काम करावे असे तिच्या मनात आहे. शाहूपुरीत घरचे मेडिकल असताना एवढ्याशा विषयासाठी दोन वर्षे खर्चावीत का, असे आपण विचारले आहे.

आपल्या दुकानातल्याच मेसालामाईनच्या गोळीकडे पाहू. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होणाऱ्या आजाराच्या रुग्णाला ती देताना, चावू किंवा कुटू नका, असे आपण बजावत असालच. हे औषध उघडे दिले तर बरेचसे लहान आतड्यातच शोषले जाते आणि दुखण्याच्या जागी पुरेसे पोहोचत नाही. म्हणून जठरातल्या आम्लात टिकणारा आणि पीएच (आम्लतेचे माप; आकडा वाढला की आम्लता कमी) ७ च्या आसपास विरघळणारा थर तिच्यावर चढवतात. पण लहान आतड्याच्या शेवटाकडे वाढलेला पीएच मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला पुन्हा उतरतो, शिवाय तो प्रत्येकाचा सारखा नसतो, त्यामुळे एखाद्या रुग्णाची गोळी न विरघळता तशीच बाहेर पडते. दुसरी वाट जिवाणूंची आहे. सल्फासॅलाझिन या औषधात मेसालामाईन दुसऱ्या रेणूला ज्या रासायनिक दुव्याने जोडलेले असते, तो अॅझो बंध मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात आणि औषध तिथेच सुटे होते. आपल्या रोजच्या गवारीच्या बियांतला गमसुद्धा त्यांच्याकडून पचतो, म्हणून गोळीच्या वेष्टनासाठी त्यावरही बरेच संशोधन झाले आहे.

विषय एका अवयवाचा असला तरी हाताला येणारे कौशल्य तेवढ्यापुरते राहत नाही. थर किती जाड चढवायचा, तो तडकतो कशाने, गोळी २ तास आम्लात आणि नंतर बफरमध्ये (पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणात) ठेवून किती औषध केव्हा सुटले हे कसे मोजायचे, ही कामे औषध कंपन्यांच्या फॉर्म्युलेशन विभागात इतर गोळ्यांसाठीही करावी लागतात.

माझी शंका विषयाबद्दल नसून प्रबंधाबद्दल आहे. एक औषध, एक गम आणि नऊ बॅचेस, एवढ्यावर उरकलेले प्रबंध मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला त्यांचे पितळ उघडे पडते. म्हणून प्रवेशापूर्वी मुलीने मार्गदर्शकांचे मागचे प्रबंध वाचावेत आणि कोटिंगचे यंत्र खरोखर चालू आहे की झाकून ठेवलेले आहे, हे प्रयोगशाळेत जाऊन पाहावे. जीपॅट ही एम.फार्म. प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा मात्र तिने अवश्य द्यावी, कारण पात्र ठरून मान्यताप्राप्त महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनाची सोय आहे. विद्यावेतनाविना, आणि यंत्र बंद असलेल्या ठिकाणी, केवळ पदवीसाठी शुल्क भरावे असे मी सुचवणार नाही.

दुकानासाठी बी.फार्म.नंतरची फार्मासिस्ट म्हणून नोंदणी पुरेशी आहे आणि ती वेळच्या वेळी नूतनीकरण करून दोन वर्षांनंतरही उपयोगी पडेल. तेव्हा दुकानाची घाई तूर्त बाजूला ठेवून, आधी तिला ती प्रयोगशाळा पाहून येऊ द्यावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक