हस्की घरी आणण्याआधी तेरा वर्षांचा हिशेब

नमस्कार ताई,

तुमचं पत्र आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं नोकरी करता, सकाळी साडेआठला बाहेर पडता आणि संध्याकाळी सहाला परतता. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, शिवाय घरात मुलीचा एक ससा. घरकर्जाचा हप्ता धरून उत्पन्नातले ८५ टक्के खर्च होतात, १५ टक्के शिल्लक राहतात. आपत्कालीन निधी चार महिन्यांच्या खर्चाइतका जमलाय. मुलांना सैबेरियन हस्की जातीच्या कुत्र्याचं पिल्लू हवंय. पिल्लू, लसी आणि सुरुवातीची सगळी तयारी मिळून एका महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम लागेल आणि ती निधीतून काढायचा विचार आहे. पुढे दरमहा उत्पन्नाच्या ४ टक्के लागतील, असा तुमचा अंदाज. ब्रीडरला, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याला, महिनाअखेरपर्यंत आगाऊ रक्कम हवी आहे. तुमचे प्रश्न दोनच: मुलांच्या घरात हस्की चालेल का, आणि निधीला हात लावू का?

निधीला हात लावू नका आणि पिल्लू आत्ता घेऊ नका. कधीच घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण तुम्ही खरेदीच्या रकमेचा विचार बारकाईने केलाय आणि खरा खर्च जिथे आहे तिथे मात्र एकच ओळ लिहिली आहे. खरेदीची रक्कम या व्यवहारातली सगळ्यात लहान रक्कम असते.

आधी मुलांचं बघू, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. हस्की प्रेमळ स्वभावाचा असतो असं ब्रीडरने सांगितलं, ते बरोबर आहे. ईशान्य सैबेरियातल्या चुकची लोकांनी ही कुत्री घडवली, ती हलकं ओझं घेऊन लांबवर पळण्यासाठी, आणि माणसांच्या सहवासात राहण्यासाठी. हस्की साधारणपणे माणसांवर धावून जात नाही, मुलांशी खेळायला त्याला आवडतं. पण प्रेमळ असणं वेगळं आणि चार वर्षांच्या मुलासोबत एकटं सोडता येणं वेगळं. पूर्ण वाढलेला नर २० ते २७ किलोंचा असतो, मादी १६ ते २३ किलोंची. तुमच्या मुलीचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही, पण या वयाची बरीच मुलं त्याच वजनाची असतात. मुलीच्या हातात पट्टा आहे आणि समोरून मांजर गेलं, असं डोळ्यांसमोर आणा. ज्याच्या कित्येक पिढ्या ओढण्यासाठी निवडल्या गेल्या, तो ओढणारच. म्हणजे 'मुलगी फिरवून आणेल' ही तुमच्या पत्रातली ओळ पुढची काही वर्षं तरी खोडून टाका. फिरवायला मोठं माणूसच लागेल. धाकट्याला तर तो प्रेमाच्या भरात पाडेल. कुत्रा खाताना किंवा झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही, हा नियम चार वर्षांच्या मुलाकडून रोज पाळून घेणं हे कुणातरी मोठ्याचं पूर्णवेळ काम असतं. मोठं माणूस खोलीत नसेल तर दोघांना एकत्र ठेवायचं नाही. हे कुठल्याही जातीच्या कुत्र्याला लागू आहे.

सशाचं तर स्पष्टच सांगते. हस्कीमध्ये शिकारीची ओढ फार तीव्र असते आणि लहान प्राण्यांच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दोघांसाठी कायमची वेगळी जागा करता येत नसेल, तर तुमच्या मुलीला एक दिवस जे बघावं लागेल त्याची भरपाई कुठल्याच पैशाने होणार नाही.

आता वेळेकडे वळते, कारण तुमच्या घरात पैशांपेक्षा वेळेचा तुटवडा जास्त दिसतो. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध पोचवायला कुत्र्यांच्या गाड्या धावल्या. सुमारे १,०८५ किलोमीटरचं अंतर २० चालकांनी टप्प्याटप्प्याने सहा दिवसांच्या आत कापलं. त्यातला सगळ्यात लांब आणि धोक्याचा टप्पा लिओनार्ड सेप्पालाने पार केला. त्याच्या गाडीचा म्होरक्या टोगो हा सैबेरियन कुत्रा तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. या वयात बाकीची कुत्री उन्हात पडून असतात. तुम्ही घरी आणणार ते पिल्लू याच रक्ताचं आहे. त्याला रोज एक ते दोन तास चांगला दमवणारा व्यायाम लागतो, पावसात, परीक्षेच्या दिवसांत, तुम्हाला ताप असतानाही.

तुमच्या घरी तो रोज साडेनऊ तास एकटा राहील. एकट्या, कंटाळलेल्या हस्कीला काय सुचतं ते मी जवळून पाहिलंय. एका कुटुंबाच्या वार्षिक आर्थिक नियोजनासाठी त्यांच्या घरी बसले होते. खर्चाच्या वहीत 'घरदुरुस्ती' या सदराखाली वर्षभरात पुन्हा पुन्हा नोंदी होत्या. घर तर नवंच होतं. मी विचारलं, तेव्हा त्या घरातल्या बाईंनी मला मागच्या दारापाशी नेलं. चौकटीचं लाकूड गुडघ्याच्या उंचीपर्यंत कुरतडलेलं, कुंपणाच्या तळाशी हातभर खोल खड्डा, त्यावर दगड रचलेले आणि दगडांच्या शेजारी नवा खड्डा. कुत्रा मात्र गुणी, येऊन माझ्या पायावर डोकं टेकवून बसला. उठले तेव्हा गडद रंगाच्या सलवारीवर पांढऱ्या लोकरीचा थर. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि आतला मऊ थर साधारण वर्षातून दोनदा झडतो. त्या आठवड्यांत विंचरायला बसलं की हातात अक्षरशः पुंजके येतात, आणि रोज विंचरावं लागतं.

तो भुंकतो कमी, पण लांडग्यासारखं हेल काढून ओरडतो, आणि तो आवाज भिंतीपलीकडे सहज जातो. शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत हेही म्हणून बघा. 'घराची राखण होईल, अलार्मचा खर्च वाचेल' असं तुम्ही लिहिलंय. ते होणार नाही. हस्की अनोळखी माणसाचंही शेपूट हलवून स्वागत करतो. अलार्मची रक्कम बचतीच्या बाजूला धरू नका.

म्हणजे तुमच्या ४ टक्क्यांत काय काय राहून गेलंय? खाणं आणि लसी तुम्ही धरल्यात. खाण्याचा अंदाज तर थोडा जास्तच असावा, कारण आकाराच्या मानाने हस्की कमी खातो. कमी अन्नावर लांब पळणं हाच तर त्याचा गुण. राहून गेलंय ते असं: तुम्ही कामावर असताना त्याला फिरवणारं किंवा सांभाळणारं माणूस. तुम्ही गावाला जाल तेव्हाचं बोर्डिंग, म्हणजे त्याला पैसे देऊन दुसरीकडे ठेवणं. जंत, गोचिडी आणि पिसवांची नियमित औषधं. पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण. कुंपण, तेही सहा फुटांच्या आसपास उंच आणि तळाशी जाळी पुरलेलं, कारण हा उडीही मारतो आणि उकरतोही, आणि एकदा सुटला की हाकेला परत येईल याची खात्री नसते. मायक्रोचिप, म्हणजे हरवला तर ओळख पटावी म्हणून कातडीखाली बसवतात ती. मोडतोड. तुमच्याकडचं हवामान तुम्ही सांगितलेलं नाही. उन्हाळा कडक असेल तर थंड खोलीचं वीजबिलही यात येईल आणि व्यायाम पहाटे किंवा रात्रीच करावा लागेल. केस भादरून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे, तो थर त्याला उन्हापासूनही वाचवतो.

या ओळींसमोरचे आकडे तुमच्या भागातल्या दरांनी तुम्हीच भरा. बेरीज ४ च्या ठिकाणी ८ टक्क्यांवर गेली तर काय होतं बघा. हस्की साधारण १२ ते १४ वर्षं जगतो. मधली १३ वर्षं धरली तर ४ टक्क्यांनी तुमचं सव्वासहा महिन्यांचं संपूर्ण उत्पन्न या कुत्र्यासाठी बाजूला निघतं, आणि ८ टक्क्यांनी साडेबारा महिन्यांचं. एका वर्षाची दोघांची कमाई. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. कुत्र्यावर असा खर्च आनंदाने करणारी घरं मला माहीत आहेत आणि त्यांच्या खर्चाला मी कधी कात्री लावत नाही. पण त्यांनी ते आधी ठरवलेलं असतं.

यात एक गोष्ट फार कुणी बघत नाही. कुत्र्याचा औषधपाण्याचा मोठा खर्च म्हातारपणी येतो. आज पिल्लू आणलंत तर ते ९ वर्षांचं होईल तेव्हा तुमची मुलगी १८ ची असेल, आणि १३ चं होईल तेव्हा २२ ची. म्हणजे मुलीच्या उच्च शिक्षणाची फी आणि कुत्र्याचे दवाखाने एकाच वेळी. उत्पन्न तोवर वाढेल, पण फीसुद्धा वाढेल. अशा वेळी माणसं कर्ज काढतात किंवा म्हाताऱ्या जनावराचे उपचार पुढे ढकलतात. दुसरं बघायला फार वाईट वाटतं.

विम्याबद्दल थोडक्यात. प्राण्यांचा विमा मिळत असेल तर पिल्लू लहान असतानाच घ्या, कारण आधीपासून असलेले आजार सहसा वगळले जातात आणि नव्या पॉलिसीला वयाची अट असू शकते. आनुवंशिक आजार धरले आहेत का, हे कलम स्वतः वाचा. हस्कीच्या बाबतीत ते महत्त्वाचं आहे, कारण कमी वयातला मोतीबिंदू, बुबुळाचे आणि दृष्टिपटलाचे आनुवंशिक विकार या जातीत आढळतात. कुत्र्यामुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याची भरपाई कोणत्या पॉलिसीत येते, हेही विचारा.

आता निधी. चार महिन्यांचा निधी, दोन लहान मुलं आणि घरकर्ज, हे आधीच काठावरचं आहे. मला तो सहा महिन्यांवर हवा. सगळी १५ टक्के शिल्लक तिकडे वळवलीत तर साडेअकरा महिन्यांत तो पूर्ण होतो. कुत्र्यावर ८ टक्के खर्च सुरू करून उरलेल्या ७ टक्क्यांतून भरायचा म्हटलं तर दोन वर्षं लागतात. आणि पिल्लूही निधीतूनच घेतलंत, म्हणजे निधी तीन महिन्यांवर आला, तर तीन वर्षं. ती तीन वर्षं दोघांपैकी एकाची जरी नोकरी गेली तरी तुम्ही अडचणीत याल, आणि घरात तेव्हा आणखी एक खाणारं तोंड असेल ज्याला फी माफी किंवा हप्त्याची सवलत मिळत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिलं वर्ष फक्त निधीचं. तो सहा महिन्यांवर गेला की एक वेगळं बचत खातं उघडा आणि तुमच्या पूर्ण यादीची बेरीज दरमहा त्यात टाका, जणू कुत्रा घरात आहेच. ८ टक्के असेल तर अकरा महिन्यांत एका महिन्याच्या उत्पन्नाचे ८८ टक्के जमतात, म्हणजे पिल्लाची सुरुवातीची रक्कम निधीला न शिवता तुमच्या हातात. उरलेले ७ टक्के मुलांच्या शिक्षणाकडे वळवा. आणि त्याच अकरा महिन्यांत तुम्हा दोघांपैकी एकाने रोज सकाळी कामाला निघण्याआधी एक तास चालायचं, संध्याकाळी पुन्हा अर्धा तास. मुलांना न्यायचं असेल तर न्या. खात्यात एखादा हप्ता चुकला तर मी काळजी करणार नाही. चालणं वारंवार चुकलं, तर मात्र हस्कीचा विषय तिथेच सोडा आणि शांत स्वभावाच्या, कमी धावपळीच्या कुत्र्याचा विचार करा.

तोवर मुलगा सहाचा होईल, मुलगी अकराची. सहा वर्षांच्या मुलाला 'तो जेवतोय, जवळ जायचं नाही' हे कळतं आणि तो पाळतोही. कुत्र्याचं म्हातारपण मग मुलाच्या शिक्षणाशी टक्कर घेईल, म्हणून कुत्र्याचं खातं पिल्लू आल्यावर बंद करू नका. तरुण वर्षांत खर्च कमी झाला तर उरलेली रक्कम त्यातच राहू द्या, ती पुढे त्याच्याच कामी येईल.

आणखी एक पर्याय मनापासून सुचवते: पिल्लाऐवजी मोठा झालेला हस्की दत्तक घ्या. रूपावर भाळून घेतलेले आणि मग न झेपलेले हस्की निवारा केंद्रांत येत असतात. सुरुवातीचा खर्च बराच कमी होतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो मुलांशी कसा वागतो, एकटा राहतो का, हे सांभाळणाऱ्या माणसांना माहीत असतं. मुलांना घेऊन तीन-चार वेळा जाऊन या.

ब्रीडरचं पिल्लूच घ्यायचं ठरलं तर आईवडील कुत्र्यांच्या डोळ्यांच्या आणि खुब्याच्या तपासणीचे कागद मागा, आणि पिल्लाच्या आईला प्रत्यक्ष बघा. कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा, पिल्लू कितीही गोड असलं तरी. महिनाअखेरची मुदत आहे म्हणून घाई करू नका. पुढच्या वर्षीही पिल्लं असतील. आगाऊ रक्कम अजून दिलेली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर परतीची अट काय ठरली होती ते बघून याच आठवड्यात लेखी कळवा, आणि पैसे परत आले की थेट आपत्कालीन निधीत भरा.